कडाक्याच्या रात्री ठिबकता नळ बंद करू नका



फेब्रुवारी २०२१ मधला तो आठवडा डॅलस, फ्रिस्को, प्लेनो, अर्व्हिंग आणि आसपासच्या जुन्या मराठी मंडळींना वेगळा सांगायला नको. १६ तारखेला डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर पारा उणे २ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे १९ सेल्सिअसपर्यंत उतरला होता. टेक्सासभर लाखो घरांची वीज गेली. घरं गार पडली, छतातले पाइप फुटले आणि खोल्याखोल्यांत पाणी कोसळलं. त्यानंतर इथे राहायला आलेली कुटुंबं आता पुष्कळ आहेत. हे आवाहन मुख्यतः त्यांना आहे.

इथली घरं उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली. तळघर बहुधा नसतं. पाइप अ‍ॅटिकमधून आणि बाहेरच्या भिंतींतून फिरवलेले असतात. बाहेरचं तापमान २० फॅरनहाइटच्या (उणे ७ सेल्सिअस) आसपास आलं की असे पाइप गोठू लागतात. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं. पण पाइप पुष्कळदा बर्फाच्या जागी फुटतच नाही. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि पाइप तिथे तडकतो. नळ थोडा सैल असला की त्या दाबाला वाट मिळते. म्हणून अशा रात्री बाहेरच्या भिंतीलगतचे नळ, गरम आणि गार दोन्ही, बारीक सोडून ठेवायचे.

आपल्या घरांत नेमकं हेच अवघड जातं. ज्यांनी आयुष्यभर टँकरची वाट पाहिली, एक दिवसाआड येणारं पाणी भरून ठेवलं, त्या आई-बाबांना ठिबकता नळ पाहवत नाही. रात्री उठून ते तो घट्ट बंद करतात. त्यांना गप्प करू नका, कारण समजावून सांगा. नळाखाली बादली ठेवा. सकाळी ते पाणी फरशी पुसायला, झाडांना होईल. मात्र शहराच्या पाणी खात्याने दाब कमी झाल्यामुळे नळ सोडू नका असं कळवलं, तर त्यांचं ऐका.

बागेची रबरी नळी आताच काढून ठेवा, बाहेरच्या नळांना फोमची टोपी घाला, अ‍ॅटिकमधल्या उघड्या पाइपांना फोमचं वेष्टण चढवा. थंडीच्या रात्री सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा.

डिसेंबरात भारतात जाणाऱ्यांना कळकळीची विनंती: वीजबिल वाचवायला हीटिंग बंद करून जाऊ नका. थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या खाली नको. अनेक विमा पॉलिसींत घर उबदार ठेवण्याची अट असते, ती मोडली तर भरपाई अडू शकते. निघताना मेन व्हॉल्व्ह बंद करा, नळ उघडून पाइप रिकामे करा आणि किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा. डिसेंबर २०२२ची लाट ऐन नाताळाच्या तोंडावर आली होती. रिकाम्या घरात फुटलेला पाइप बर्फ वितळल्यावरच वाहू लागतो आणि मग तो बंद करायला कुणी नसतं.

नळाला पाणी आलं नाही तर पाइप गोठला असं समजा. नळ उघडा ठेवा. हेअर ड्रायरने किंवा गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलांनी नळाच्या बाजूने सुरुवात करून हळूहळू गोठलेल्या भागाकडे सरका. साचलेल्या पाण्यात उभं राहून विजेचं उपकरण हातात धरू नका. ज्योत तर अजिबात नको: लाकडी भिंतीआड आग कधी पेटते ते कळत नाही. पाइपला चीर दिसली तर आधी मेन व्हॉल्व्ह, मग प्लंबरला फोन.

वीज गेली की ऊब मिळावी म्हणून घरात कोळशाची शेगडी, गॅरेजमध्ये जनरेटर किंवा गाडी सुरू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. २०२१मध्ये टेक्सासात त्यानेही माणसं गेली. गॅसची शेगडी खोली तापवायला वापरू नका, हे दिवसभर घरी एकट्या असणाऱ्या सासू-सासऱ्यांना आवर्जून सांगा.

येत्या शनिवारी घरातल्या सर्वांना मेन व्हॉल्व्ह दाखवा. इथे तो बहुधा पुढच्या अंगणात, मीटरच्या झाकणाखाली असतो आणि फिरवायला लांब चावी लागते. ती हार्डवेअरच्या दुकानात मिळते. मुलांकडून, आजीआजोबांकडून एकदा फिरवून घ्या. ज्यांना सापडत नसेल त्यांनी संकोच न करता शेजारच्या मराठी घराचं दार वाजवावं, आणि ज्यांना माहीत आहे त्यांनी नव्या कुटुंबांना आपणहून विचारावं.