भाकरीची लाज सोडा, पुड्यांचा मोह सोडा

गेल्या रविवारी विहारातील वंदना आटोपून आम्ही पायऱ्या उतरत होतो. तेवढ्यात आमच्याच वस्तीतील एक भगिनी पुढे आल्या. बरोबर सहा-सात वर्षांचा मुलगा, हातापायांच्या काड्या आणि पोट तेवढे पुढे आलेले. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, डॉक्टरांनी पोराचा गहू बंद केलाय. जन्मभरासाठी. औषधाच्या दुकानात गेले तर तो म्हणतो, ग्लुटेन-फ्री पीठ घ्या, ग्लुटेन-फ्री बिस्किटं घ्या. किमती ऐकून परत आले. आमच्यासारख्यांनी करायचं काय?"

आम्ही त्यांना घरी चहाला बोलावले, कारण चार वर्षांपूर्वी नेमका हाच प्रश्न घेऊन आम्ही आणि आमची पत्नी रात्र रात्र जागलो होतो. त्या दिवशी त्यांना जे सांगितले तेच आज या पानावर सांगत आहोत. आणखीही काही घरांत हा प्रश्न असेल आणि लाजेपोटी कोणी बोलत नसेल.

आमची धाकटी तेव्हा नऊ वर्षांची होती. वर्गात सर्वांत बुटकी. पोट सारखे बिघडलेले, तोंड आलेले, रक्त कमी. लोहाच्या बाटल्यांवर बाटल्या संपल्या, जंताची औषधे झाली, पण अंगी काही लागेना. नातेवाइकांपैकी कोणी म्हणाले, दृष्ट लागली. कोणी म्हणाले, बाहेरचे बघा. त्या वाटेला आम्ही गेलो नाही, हे बरे केले. पण "मुलीची जात, खायला नखरे करते" असे म्हणून आम्हीच तिला दोनदा रागावलो होतो, हे कबूल केले पाहिजे. शेवटी एका सरकारी रुग्णालयातील डॉक्टरीणबाईंनी रक्ताची तपासणी केली, मग दुर्बीण घालून लहान आतड्याचा तुकडा तपासला आणि नाव सांगितले : सिलिअ‍ॅक.

हे प्रकरण काय आहे, ते स्वयंपाकघरातच समजून घेता येते. कणकेचा एक गोळा घट्ट भिजवा आणि नळाखाली चोळत चोळत धुवा. पांढरे पाणी निघून जाते आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. तेच ग्लुटेन. त्याच्यामुळे पोळी लाटता येते आणि पाव फुगतो. गव्हात ते असते, सातूत म्हणजे जवात त्याच जातीचे प्रथिन असते, आणि परदेशातील राय या धान्यातही असते. बहुतेकांना त्याचा काही त्रास नाही. पण सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाचे शरीर या ग्लुटेनमुळे स्वतःच्याच आतड्यावर हल्ला चढवते. आतड्याच्या आत मखमलीसारखे बारीक तंतू असतात, अन्न तेच शोषून घेतात. ते झिजले की खाल्लेले अन्न अंगाला लागत नाही. म्हणून पोर खाते आणि तरी वाळते. हा संसर्गाचा रोग नाही. एका ताटात जेवल्याने दुसऱ्याला होत नाही. मात्र रक्ताच्या नात्यात आढळू शकतो, म्हणून आईवडील व भावंडांनीही तपासून घ्यावे.

येथे एक सूचना. तपासणीच्या आधी स्वतःच्या मनाने गहू बंद करू नका. गहू बंद केला की रक्तातील खूण पुसट होते आणि निदान चुकते. आधी तपासणी, मग पथ्य. आणि ज्याला हा आजार नाही, त्याने केवळ टीव्हीवर पाहून पोळी सोडण्याचे काही कारण नाही.

गव्हाचा हा दोष शोधला कोणी, त्याचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ डॉ. विलेम डिके यांना १९३०च्या दशकापासूनच गव्हाचा संशय होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात, त्या देशात भयंकर उपासमार झाली. पाव मिळेनासा झाला. लोक कंद खाऊन जगत होते. सारा देश खंगत असताना या आजाराची मुले मात्र सुधारली, आणि पाव पुन्हा मिळू लागताच पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० साली आपला प्रबंध मांडला. आजही या आजारावर खरा इलाज तोच आहे : ग्लुटेन नसलेले अन्न, आयुष्यभर.

आता आमच्या चुकांकडे येतो.

निदान झाले त्या संध्याकाळी आम्ही कचेरीतून थेट मोठ्या दुकानात गेलो. ग्लुटेन-फ्री पीठ, बिस्किटे, नूडल्स, केक असे जे दिसेल ते घेतले. मुलीला काही कमी पडू द्यायचे नाही, एवढेच डोक्यात होते. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, दिवसभर दुसऱ्यांचे आकडे जुळवणारे. महिनाअखेरीस घरचा हिशेब मांडला तेव्हा डोळे उघडले. बिस्किटांच्या एका लहान पुड्याच्या किमतीत किलोभर ज्वारी येत होती. दुसऱ्या महिन्यात उसनवारी झाली. बरे, एवढे करून पोरीचे भले झाले म्हणावे, तर तेही नाही. तिला बद्धकोष्ठ झाले, भूक मेली. डॉक्टरीणबाईंनी पुडा उलटा करून दाखवला : मक्याचे आणि साबुकंदाचे स्टार्च, साखर, पामतेल. म्हणाल्या, "यात गहू नाही हे खरं, पण यात अन्न तरी कुठं आहे? तुमच्या घरात ज्वारी खात नाहीत का?"

आम्ही गप्प बसलो. कारण आमच्या घरात ज्वारी खात नव्हते.

याचे कारण वाचकांपैकी अनेकांना सांगायची गरज नाही. आमच्या आजीच्या काळी गव्हाची पोळी सणासुदीला, तीही दुसऱ्याच्या घरी पाहायला मिळे. शिक्षण आले, नोकरी आली, तशी डब्यात पोळी आली. पोळी म्हणजे आपण वर आलो, भाकरी म्हणजे मागे राहिलो, असे समीकरण आमच्या डोक्यात बसले होते. म्हणून आम्ही दुकानातून महागडे डबे आणले, पण भाकरीचे नाव काढले नाही. शेवटी आमची आई म्हणाली, "अरे, तुला मी भाकरीवरच बीकॉम केला ना?" त्या दिवशी तवा बदलला.

सहा महिन्यांत मुलीच्या गालावर रंग आला. पण नंतरच्या तपासणीत आकडे पुन्हा वर गेलेले. आता घरात गहू कुठे? शोध घेतला तेव्हा दोन चोर सापडले. पहिला चोर आमटीच्या फोडणीत होता. डबीतला हिंग! बाजारातील बांधणीचा हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंक आणि बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. दुसरा चोर शाळेत होता. डब्यातील नाचणीची काळी भाकरी पाहून मुले हसत, म्हणून आमची पोरगी मैत्रिणीशी डबा बदलून क्रीमची बिस्किटे खात होती. रडत रडत तिने सांगितले. आम्ही रागावलो नाही. ज्या भाकरीची आम्हालाच लाज वाटत होती, तिची लाज पोरीला वाटली यात तिचा काय दोष?

म्हणून भगिनींनो आणि बंधूंनो, आमचा अनुभव दोन वाक्यांत असा : कारखान्यात बनून पुड्यातून येते ते जितके कमी, तितका धोका कमी. धान्य, डाळ, भाजी, अंडी, मासळी आपण घरी शिजवतो तेव्हा त्यात काय गेले हे आपल्याला ठाऊक असते.

ग्लुटेन कोठे कोठे लपते, ते आता पाहू. पाव, खारी, टोस्ट, बिस्किटे, नूडल्स, शेवया, रवा, कुरडया ही तर उघड आहेत. लपलेली अशी : सोया सॉस आणि गाडीवरचे चायनीज, दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी, पाकिटातील सूप, काही सुटे मसाले, आईसक्रीमचा कोन, थालीपिठाची भाजणी, मेतकूट. माल्ट हा शब्द दिसला की सातू समजावा. ओटमध्ये मूळचे ग्लुटेन नसले, तरी गव्हाची भेसळ फार होते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. वडापावातील पाव टाकला म्हणजे झाले, असेही नाही. वडा बेसनाचा असला तरी ज्या कढईत मैद्याचे समोसे तळले, त्याच तेलातला वडा चालत नाही. औषधाच्या गोळ्यांतही स्टार्च असू शकते, म्हणून प्रत्येक डॉक्टरांना आजाराचे नाव आधी सांगावे.

पुडा घ्यावाच लागला तर वाचून घ्या. २०२० च्या नियमांनुसार पुड्यावर ग्लुटेन असलेल्या धान्याचा उल्लेख करणे बंधनकारक आहे. 'ग्लुटेन-फ्री' छापायचे, तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन असता कामा नये. छपाई बहुधा इंग्रजीत असते, म्हणून हे काम शाळेत जाणाऱ्या मुलांकडे द्या. व्हीट म्हणजे गहू, रिफाइन्ड व्हीट फ्लोअर म्हणजे मैदा, सेमोलिना म्हणजे रवा, बार्ली म्हणजे सातू. एवढे चार शब्द आमच्या आईनेही अक्षर ओळखून पाठ केले आहेत. साक्षरतेचा याहून चांगला उपयोग कोणता? ज्या सुट्या मालावर काहीच छापलेले नाही, तो घेऊच नये. मसाला उन्हाळ्यात घरची मिरची नेऊन डंकावर करून आणावा, पण आधी तेथे काय कुटले ते विचारावे.

ज्वारी दळण्याचीही एक गोम आहे. गिरणीत गव्हानंतर आपली ज्वारी पडली, तर गव्हाचे पीठ त्यात येतेच. आमच्या महिला मंडळातील चार घरांनी मिळून एक घरघंटी घेतली आहे. तीत गहू घालायचा नाही असा नियम आहे. ज्यांना हे शक्य नाही त्यांनी तांदूळ, ज्वारी, बाजरी घरी मिक्सरवर थोडी थोडी दळावी. जाते असेल तर उत्तम, फक्त त्यावर गहू दळलेला नसावा. घरात इतरांसाठी पोळ्या होत असतील तर तवा, परात, चाळणी निराळी ठेवा आणि भाकरी आधी करा. भाकरीला पिठी लावताना गव्हाच्या पिठात हात घालू नका. रेशनवर गहू मिळतो, तो घरातील इतरांनी खावा. तांदूळ या लेकरासाठी राखून ठेवावा.

मग खायचे काय? आमच्या घरचा आठवडा सांगतो. सकाळी कांदेपोहे, तांदळाचे घावन, नाचणीची आंबील किंवा भाताची पेज. दुपारी ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी. रात्री भात, आमटी, कधी अंड्याचा रस्सा, कधी सुकट. थंडीत बाजरीची भाकरी आणि तिळाची चटणी. मधल्या वेळी शेंगदाणे-गूळ, घरी भाजलेले फुटाणे, मुरमुरे, उकडलेले रताळे, केळे. आम्ही उपास करीत नाही, पण उपासाच्या दुकानातील साबुदाणा, वरई आणि राजगिरा आम्हाला फार उपयोगी पडतात! आतडे झिजल्याने हाडे कच्ची राहतात, त्यासाठी नाचणी चांगली. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हा मोठमोठ्या हॉटेलांत नाचणी आणि ज्वारी मानाने वाढली गेली. आमच्या आजीला हे सांगितले असते तर ती पदर तोंडाला लावून हसली असती.

आणि हे सारे एकट्या आईच्या माथी मारू नका. भाकरी थापायला आम्ही पंचेचाळिसाव्या वर्षी शिकलो. पहिल्या चार नकाशासारख्या झाल्या. आता गोल होतात. मुलीचा डबा आठवड्यातून तीन दिवस आम्ही करतो. तिच्या शिक्षिकांना भेटून आजार समजावून सांगितला, तेव्हा त्यांनी एक दिवस साऱ्या वर्गाला भाकरी-ठेचा आणायला सांगितला. त्यानंतर डब्याची अदलाबदल थांबली.

एक विनंती साऱ्या समाजाला. लग्नात, जयंतीला, विहारातील भोजनात "एका घासाने काय होतंय" असा आग्रह अशा मुलांना करू नका. एका घासानेही होते. बुद्धपौर्णिमेची खीर आपण करतो, ती तांदळाची करा. सुजातेनेही तथागतांना खीरच दिली होती. त्या पातेल्यात शेवया मिसळू नका आणि पोळीचा डाव त्यात घालू नका, म्हणजे ही मुलेही पंगतीत सर्वांबरोबर बसतील. पंगतीत वेगळे बसवले जाण्याचे दुःख आपल्याइतके कोणाला कळणार?

त्या भगिनी चहा पिऊन उठल्या तेव्हा आमच्या धाकटीने त्यांच्या मुलाच्या हातात ज्वारीच्या भाकरीचा चतकोर आणि गूळ ठेवला. तो तिथेच उभ्या उभ्या खाऊन मोकळा झाला. त्या म्हणाल्या, "भाऊ, भाकरी तर आम्हाला येते." आम्ही म्हणालो, "मग ताई, अर्धा इलाज तुमच्या हातातच आहे. उरलेला अर्धा, पुढची तपासणी न चुकवणे."

जयभीम.