पाडव्याला हार घातला, ज्येष्ठात जॅक उचलेना

पोस्ट मोठी आहे. पण ज्याच्या खळ्यात यंदाच्या पाडव्याला नवीन ट्रॅक्टर-ट्रॉली येणार आहे, त्यानं शेवटपर्यंत वाचावी. बाकीच्यांनी अशा माणसाला पाठवावी.

गेल्या पाडव्याला माझ्या थोरल्या भावानं ट्रॅक्टर घेतला. सोबत डंपिंग ट्रॉली आणि रोटाव्हेटर. एकच कोटेशन, एकच बँकेचं कर्ज, एकच पेढ्यांचा बॉक्स. शोरूमवाल्यानं हार घातला, चावी दिली, फोटो काढला. तो फोटो आणि त्याखालची जाहिरात पेपरात छापून आणणारा मीच होतो. हे आधीच सांगतो, म्हणजे नंतर कोणी कमेंटमध्ये काढायला नको.

दोन महिन्यांनी मृगबागेच्या लागवडीआधी शेणखत वाहायची वेळ आली. भरलेली ट्रॉली शेतात नेली, लिव्हर ओढला, तर ट्रॉली वीतभर उचलली आणि थांबली. रिकामी उचलते, भरलेली उचलत नाही. चार मजूर लावून फावड्यानं खत उतरवलं. पाऊस तोंडावर, रोपांची ऑर्डर दिलेली, आणि दारात लाखो रुपयांचं नवीन यंत्र उभं.

दादानं शोरूमला फोन केला. उत्तर आलं, "ट्रॅक्टर ओके आहे भाऊ, ट्रॉलीचा जॅक खराब असेल. ट्रॉली आमची नाही." ट्रॉली बनवून देणाऱ्या वर्कशॉपवाल्याकडे गेलो. तो म्हणे, "जॅक ओके आहे, तुमच्या ट्रॅक्टरचं हायड्रोलिक प्रेशर कमी आहे." पुन्हा शोरूम. पुन्हा वर्कशॉप. कंपनीच्या नंबरवर फोन लावला तर त्यांनी तक्रार परत त्याच शोरूमकडे पाठवली.

आता गंमत बघा. ट्रॉलीचा जॅक ट्रॅक्टरच्याच हायड्रोलिकवर चालतो. दोघांपैकी खरं कोण बोलतंय, हे कळायला एक प्रेशर गेज लागतो. तो लावायचा, लिव्हर ओढायचा, आकडा वाचायचा. अर्ध्या तासाचं काम. महिनाभर ते कोणीच केलं नाही. कारण आकडा निघाला असता तर एकाला खर्च करावा लागला असता. आकडा निघत नाही तोवर खर्च शेतकऱ्याचा.

शेवटी मी कागद काढला. शोरूम, वर्कशॉप आणि कंपनी, तिघांना रजिस्टर पोस्टानं एकच पत्र. काय बिघडलं, कोणत्या तारखेला कोणाला सांगितलं, त्यानं काय उत्तर दिलं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर पण तक्रार टाकली. आठवड्याभरात मेकॅनिक गेज घेऊन शेतात हजर. प्रेशर ट्रॅक्टरचंच कमी निघालं. पार्ट बदलला, वॉरंटीत, फुकट. जाताना तो पोरगा मला म्हणाला, "साहेब, तुम्ही पत्रकार आहात म्हणून आलो. नाहीतर आमच्याकडं पन्नास गाड्या पेंडिंग आहेत."

हे वाक्य मला पार्ट बदलल्याच्या आनंदापेक्षा जास्त लागलं. ज्याचा भाऊ पत्रकार नाही, त्यानं काय करायचं?

ही पोस्ट एका शोरूमविरुद्ध नाही, म्हणून नाव लिहित नाही. नाव लिहिलं तर बाकीचे सगळे सुटतात. फैजपूर, साकळी, किनगाव, भालोद, कुठेही चार शेतकरी बसवा आणि विचारा. प्रत्येकाकडे अशी एक गोष्ट आहे. कोणाची बॅटरी गेली तर सांगतात बॅटरीची कंपनी वेगळी. टायर फुगला तर टायरची कंपनी वेगळी. ऑइल सील गळालं तर "तो घासणारा पार्ट आहे, वॉरंटीत येत नाही". पहिली सर्व्हिस ठरलेल्या तासांच्या थोडी पुढे गेली तर पूर्ण वॉरंटीच उडवून लावतात. सर्व्हिससाठी आठ दिवस फोन केला तेव्हा मेकॅनिक आला नव्हता, हे मात्र कुठं लिहिलेलं नसतं.

आणि ट्रॉली तर बेवारसच. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे वाहन आहे, त्याला वेगळी नोंदणी आणि वेगळा नंबर लागतो. आपल्याकडे कितीतरी ट्रॉल्या कच्च्या पावतीवर येतात आणि नंबराशिवाय फिरतात. पक्कं बिल नाही, चेसिस नंबर नाही, वॉरंटी कार्ड नाही. एक्सल वाकला तर कोणाच्या दारात जाणार? बँकेनं कर्ज देताना ट्रॉलीचे पैसे धरले, शोरूमनं कोटेशनमध्ये ट्रॉली लिहिली, आणि बिघडल्यावर म्हणतात ट्रॉली आमची नाही. मग कोटेशनवर सही कोणाची होती?

शोरूमवाल्यांची बाजू पण मला माहीत आहे, चहा पिता पिता ऐकलीय. ते म्हणतात, शेतकरी क्षमतेपेक्षा जास्त माल भरतो, ऑइल बाहेरचं टाकतो, सर्व्हिस चुकवतो आणि मग वॉरंटी मागतो. यात तथ्य आहे. असे लोक आहेत, आमच्या गल्लीतच आहेत. पण मग तसं जॉबकार्डवर लिहून द्या ना. "जास्त वजनामुळे एक्सल वाकला" असं लिहा, खाली सही करा, शिक्का मारा. तोंडी का सांगता? तोंडी सांगितलेलं उद्या फिरवता येतं, म्हणूनच ना?

दुसरा धाक घालतात तो असा, "ट्रॅक्टर कमर्शियल आहे, ग्राहक कोर्टात केस चालत नाही." ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वाचा. हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू कायद्यानं व्यापारी कामातून वगळली आहे. स्वतःच्या शेतात राबणारा शेतकरी ग्राहकच आहे. ज्यानं पाच ट्रॅक्टर भाड्यानं लावलेत त्याची गोष्ट वेगळी.

तिसरी भीती, "कंपनी लांबची, तिकडे कोण जाणार?" जायची गरज नाही. या कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे यावलच्या माणसासाठी जळगाव. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग ऐकतो. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, तेवढी सांभाळा. आयोग दोष काढून द्यायला सांगू शकतो, वस्तू बदलून किंवा पैसे परत द्यायला सांगू शकतो, भरपाई पण देऊ शकतो. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा जास्त पडतात, खोटं कशाला सांगू. पण कागद पक्का असला तर केस लागायच्या आधीच अर्धे लोक सरळ होतात.

तक्रार करताना शोरूम आणि कंपनी दोघांना पार्टी करा, आणि कोणाची काय चूक ते वेगवेगळं लिहा. गोव्यातल्या एका गाडीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल दिला. डीलरनं २०११ चं मॉडेल सांगून २००९ ची गाडी गळ्यात मारली होती. कोर्टानं म्हटलं, डीलरच्या या फसवणुकीची माहिती कंपनीला होती असा पुरावा नसेल तर कंपनीला जबाबदार धरता येणार नाही. म्हणून कंपनीला पण लेखी कळवायचं. नंतर "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणायची सोय ठेवायची नाही.

लेखी तक्रारीचा जोर बघायचा असेल तर ओला इलेक्ट्रिकचं उदाहरण घ्या. स्कूटरवाल्यांनी १९१५ वर एका वर्षात १०,६४४ तक्रारी नोंदवल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कंपनीला कारणे दाखवा नोटीस काढली. कंपनीनं नंतर बहुतेक तक्रारी सोडवल्याचा दावा केला. तो दावा खरा की खोटा यावर वाद घाला, पण एवढी मोठी कंपनी उत्तर द्यायला उभी राहिली ती आकड्यामुळे. आपली तक्रार आपण कुठं करतो? पानटपरीवर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. तिथं ती कोणी मोजत नाही.

आता माझ्या धंद्याबद्दल. ही बातमी मी पेपरात दिली नाही. तालुक्याच्या वार्ताहराला जाहिरातीच्या कमिशनवर घर चालवावं लागतं, आणि दसरा-दिवाळी-पाडव्याच्या मोठ्या जाहिराती याच शोरूमवाल्यांच्या असतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा "आता ट्रॅक्टर स्वस्त" अशा जाहिराती आम्ही पानभर छापल्या. मेकॅनिक किती दिवसांत येणार, हे त्यात कुठंच नव्हतं आणि आम्ही विचारलं पण नाही. शेतकऱ्याची गाडी महिनाभर उभी राहते त्यात आमच्या गप्प बसण्याचा पण वाटा आहे. ही पोस्ट वाचून यंदाची जाहिरात गेली तर गेली.

पाडव्याला गाडी घेणाऱ्यांनो, चावी हातात घ्यायच्या आधी एवढं करा:

ट्रॅक्टर आणि ट्रॉलीचं वेगवेगळं पक्कं बिल घ्या, दोन्हीवर चेसिस नंबर बघा.
बॅटरी, टायर, जॅक, यांची वॉरंटी कोण देणार ते बिलावर लिहून घ्या.
भरलेली ट्रॉली एकदा उचलून बघा, मगच पेढा खा.
प्रत्येक सर्व्हिसला तास लिहून पुस्तकात शिक्का मारून घ्या.
गाडी बिघडली की पहिल्या दिवशी फोन, दुसऱ्या दिवशी लेखी. जॉबकार्डची झेरॉक्स घेतल्याशिवाय शोरूममधून उठू नका.

शोरूमवाल्या मित्रांना एकच विनंती. हार-फोटोच्या सोबत एक कागद द्या, "तक्रार आल्यावर इतक्या दिवसांत मेकॅनिक येईल" असा, सही-शिक्क्यासह. जो पहिला देईल, त्याची बातमी मी फुकट छापायला देतो.

ज्यांच्या गाड्या पेंडिंग आहेत त्यांनी तारीख आणि जॉबकार्डचा फोटो मला मेसेज करा. पन्नास गाड्यांचा आकडा त्या पोरानं सांगितलाय. आपण मोजून बघू.