सातभाईच्या नावातला माल्कम

दख्खनच्या माळावर, बाभळीखालच्या पाचोळ्यात करड्या पक्ष्यांचा थवा कलकलाट करीत किडे वेचतो. मराठी माणूस त्यांना पिढ्यान्‌पिढ्या सातभाई म्हणत आला. विज्ञानाच्या दप्तरात मात्र त्यांच्यातल्या मोठ्या करड्या सातभाईची नोंद 'आर्ग्या माल्कमी' अशी आहे. प्रजातीचे नाव पूर्वी 'टर्डॉइडीस' होते, ते बदलले. 'माल्कमी' मात्र कायम राहिले.

हा माल्कम कोण? जून १८१८मध्ये दुसऱ्या बाजीरावाने ज्याच्या स्वाधीन होऊन पेशवाईवर अखेरचा पडदा पाडला, तोच सर जॉन माल्कम. त्याआधी सहाच महिने महिदपूरच्या रणांगणावर होळकरांच्या फौजेशी लढलेला. १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर. महाबळेश्वरच्या माल्कमपेठेचा उगम पुष्कळांना ठाऊक असतो. सातभाईच्या माथी मारलेल्या नावाचा कितीजणांना ठाऊक आहे?

नाव देणारा होता विल्यम हेन्री साइक्स. १८१७च्या खडकीच्या लढाईत तो इंग्रजांच्या बाजूने लढला. १८२४पासून मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून त्याने दख्खनची मोजदाद केली. माणसे, पिके आणि पक्षीही. १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या इतिवृत्तात प्रसिद्ध झाली आणि सातभाईवर गव्हर्नरसाहेबाचे नाव चढले. साइक्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्षही झाला. प्रदेश जिंकायचा, मोजायचा आणि मग त्यातल्या पाखरांना वरिष्ठांची नावे द्यायची, असा हा क्रम आहे. 'विज्ञानाला राजकारण नसते' हे सुभाषित ऐकवणाऱ्यांनी तो एकदा डोळ्यांखालून घालावा.

साइक्सचे निरीक्षण अव्वल होते, हे मान्य केलेच पाहिजे. त्याच यादीत दख्खनच्या एका तुरेवाल्या चंडोलाला त्याने 'देवा' हे नाव दिले. शब्द सरळ संस्कृतातला. म्हणजे या भूमीचा शब्द त्याला सुचत नव्हता असे नाही. सातभाईच्या वेळी गव्हर्नर आठवला, इतकेच!

मग नाव बदला, अशी आरोळी कोणी ठोकील. तो मार्ग बंद आहे. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेत आधी दिलेल्या नावाला अग्रक्रम असतो. नामधारी माणूस नकोसा झाला म्हणून नाव रद्द होत नाही. अमेरिकेचेच पाहा. गुलामगिरीसाठी लढलेल्या बंडखोर राज्यांच्या फौजेत सेनापती असलेल्या मॅककाउनचे नाव एका पक्ष्याच्या इंग्रजी नावातून २०२०मध्ये काढण्यात आले, पण 'मॅककाउनाय' हे शास्त्रीय नाव जागच्या जागी आहे. आणि खरे सांगायचे तर 'माल्कमी' पुसून लाभ तरी कोणाचा? कागदावरचा पुरावा नष्ट होईल, एवढेच.

चीड यावी ती आपल्या उदासीनतेची. दुर्बीण गळ्यात अडकवून माळावर जाणारा मराठी मुलगा 'लार्ज ग्रे बॅबलर' म्हणतो, आजी सातभाई म्हणते. आजीचा शब्द अडाण्याचा आणि गव्हर्नरचा शास्त्राचा, ही समजूत त्या मुलाला कोणी दिली? मारुती चितमपल्लींनी जंगलवासीयांत राहून पाखरांची देशी नावे टिपली, 'पक्षिकोश' सिद्ध केला. तो किती शाळांच्या कपाटात आहे, आणि असला तर किती ठिकाणी कपाटाला कुलूप आहे? पाठ्यपुस्तकात सातभाई हे नाव आधी छापावे, शास्त्रीय नाव त्याखाली आणि माल्कम कोण होता ते एका ओळीत. याला ना कायदा लागतो, ना निधी.

नवे नाव देण्याची वेळ येते तेव्हा काय करता येते, याचे उदाहरण याच देशात आहे. २००६ साली पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले शास्त्रज्ञ रमणा अत्रेय यांनी अरुणाचलच्या ईगलनेस्ट परिसरातून एका नव्या पक्ष्याची नोंद केली. नमुन्यासाठी पक्षी मारण्याची रूढी त्यांनी पाळली नाही. छायाचित्रे घेतली, पिसे जपून ठेवली आणि पक्षी सोडून दिला. त्याला नाव दिले 'लिओसिक्ला बुगुनोरम', म्हणजे बुगुनांचा. बुगुन ही त्या डोंगरातली एक लहानशी जनजाती. २०१७मध्ये याच बुगुनांच्या सिंगचुंग गावचे सुमारे सतरा चौरस किलोमीटर जंगल समुदाय राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले. तिथल्या गस्तीवर बुगुन तरुण असतात.