मोबाईलवरचा किराणा : बचत नेमकी कुणाची?

आजकाल घरचा किराणा मोबाईलवरून येतो. स्वस्त मिळत असेल तर जरूर घ्यावा, असेच आम्ही म्हणू. उधळपट्टी इस्लामला मंजूर नाही. मात्र आधी हिशेब करावा. सुटीच्या टक्क्यांना भुलू नये, पाकिटावर छापलेला ग्रॅमचा किंवा किलोचा दर पाहावा. पोहोच आकार धरून शेवटची रक्कम मोहल्ल्यातील दुकानाशी ताडावी. न विचारता यादीत माल घालणे, शेवटच्या क्षणी आकार वाढवणे, या क्लृप्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये मनाई केली आहे. असे घडल्यास 1915 वर तक्रार नोंदवावी.

‘आता घ्या, पैसे नंतर द्या’ या सोयीपासून मात्र चार हात दूर राहावे. हप्ता चुकला की दंड, व्याज मागे लागते. चार रुपये वाचवताना घरात सूद शिरू नये. मंदीत भिवंडी-मालेगावच्या यंत्रमाग कारागिरांची चूल मोहल्ल्यातील दुकानदाराच्या बिनव्याजी उधारीवरच पेटते, हे आम्ही विसरता कामा नये.

दुकानदार बांधवांनाही आमचे सांगणे आहे. केवळ ओळखीवर गिऱ्हाईक टिकणार नाही. दर फळ्यावर लिहा, व्हॉट्सअॅपवर यादी घ्या, चार-पाच जणांनी मिळून घाऊक माल उचला. कुरआनातील 83वी सूरह माप मारणाऱ्यांना खडसावते. चोख माप आणि वाजवी दर हीच आपली जाहिरात. बरकतही त्यातच आहे.