कचऱ्याचा कंटेनर : स्वस्त की टिकाऊ?

अहिल्यानगर महापालिकेचा कचरा डेपो बुरूडगावला आहे. तिथवर कचरा नेणाऱ्या लोखंडी कंटेनरचा तळ आधी सडतो. ओल्या कचऱ्याचे आंबलेले पाणी पत्रा खाते, सांधे उसवतात आणि घाण रस्त्यावर सांडते. म्हणून सर्वांत कमी दराचा पातळ पत्रा शेवटी महागच पडतो.

नियमांप्रमाणे ओला व सुका कचरा वेगळा ठेवायचा आहे. निदान ओल्यासाठी तरी तळाला जाड पत्रा, आतून सलग वेल्डिंग, इपॉक्सी रंग आणि पाणी काढायला तोटी, या अटी निविदेतच हव्यात.

आपल्या फॅब्रिकेटर बांधवांनी उद्यम नोंदणी करावी, निविदा भरावी आणि दरपत्रकात पत्र्याची जाडी स्पष्ट लिहावी. मापात चोख असेल, त्याचाच धंदा टिकतो.