तिजोरीची किल्ली कोणाच्या हाती?

अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत राज्याचा खजिनदार मतदार थेट निवडतात. आपल्याकडे असे पद नाही. तरीही १० मे २०२३ रोजी कर्नाटकात झालेले मतदान तिजोरीसाठीच होते. गृहिणीला दरमहा २,००० रुपये, स्त्रियांना सरकारी बसचा मोफत प्रवास, २०० युनिटांपर्यंत वीज, १० किलो धान्य, बेकार पदवीधरांना भत्ता! या पाच हमींवर जनतेने काँग्रेसला २२४ पैकी १३५ जागा दिल्या आणि मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी अर्थखाते स्वतःकडेच ठेवले.

परंतु विधानसौधातील या निर्वाचित खजिनदाराच्या हाती किल्ली होती किती? १ जुलै २०१७ पासून राज्याचा मुख्य कर वस्तू व सेवा करात विलीन झाला. त्या परिषदेत निर्णयाला तीन-चतुर्थांश मते लागतात आणि एकट्या केंद्राचे वजन एक-तृतीयांश! हा नकाराधिकार नव्हे तर काय? पंधराव्या वित्त आयोगाने कर्नाटकाचा वाटा ४.७१३ टक्क्यांवरून ३.६४७ टक्क्यांवर आणला; त्या आयोगाला कोणत्या मतदाराने निवडले होते? उपकर आणि अधिभार तर राज्यांच्या वाटपात येतच नाहीत. हे दुखणे जुनेच. मार्च १९८३ मध्ये रामकृष्ण हेगडे यांनी बंगळूरलाच दक्षिणेतील मुख्यमंत्र्यांची बैठक भरवली आणि त्याच महिन्यात इंदिरा सरकारला सरकारिया आयोग जाहीर करावा लागला.

मात्र दिल्लीकडे बोट दाखवून बंगळूरच्या राज्यकर्त्यांची सुटका होत नाही. दलित-आदिवासींसाठी २०१३ च्या कायद्याने राखून ठेवलेल्या निधीतून २०२३-२४ मध्ये सुमारे ११ हजार कोटी रुपये या हमींकडे वळवण्यात आले. लाभार्थी दलितच आहेत, हा सरकारचा खुलासा! म्हणजे इतर स्त्रियांचे बसभाडे सार्वत्रिक तिजोरीतून आणि दलित स्त्रीचे तिच्याच हक्काच्या वाट्यातून. बड्या धनिकांवर कर बसवण्याचे धैर्य नसले की गरिबाच्या एका खिशातले काढून दुसऱ्या खिशात घालणे हेच अर्थशास्त्र उरते.

७ फेब्रुवारी २०२४ रोजी हेच मंत्रिमंडळ आपल्या वाट्यासाठी जंतरमंतरवर धरणे धरून बसले होते. ती मागणी न्याय्यच होती. पण जानेवारी २०२५ मध्ये बंगळूरच्या फ्रीडम पार्कात हजारो आशा सेविका दरमहा १५,००० रुपयांच्या निश्चित मानधनासाठी थंडीत रात्रंदिवस बसल्या, तेव्हा त्यांच्या पदरात पडले ते १०,००० रुपयांचे आश्वासन.