रांग मोडली, खिडकी मोडू नये

अंधेरीत १९७३ साली सीप्झ हे इलेक्ट्रॉनिक्सचे निर्यातक्षेत्र स्थापन झाले. त्याच अंधेरीच्या स्थानकावर लोकलच्या तिकिटाची रांग मात्र पुढे कित्येक वर्षे हलली नाही. कुपन-यंत्रे आली आणि गेली; २०१४ च्या अखेरीस मोबाइलवर तिकीट मिळू लागले. फ्लॉपीच्या काळापासून संगणकाचा भक्त असलेल्या प्रस्तुत लेखकास याचा आनंदच आहे. परंतु अर्थशास्त्राचा प्रश्न उरतोच: वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडला? धुणीभांडी करणाऱ्या ज्या बाईजवळ साधाच फोन आहे, तिच्या खिडक्या कमी झाल्या, तर आपली रांग तिच्या माथी जाते. यंत्राने केलेल्या बचतीतून खिडकीवरचा माणूस टिकविणे ही दया नव्हे. तो चोख हिशेब आहे.